चोपन्न फूट

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

दोन्ही हातांच्या बोटांची सालटी निघालीत, म्हणून अक्षर असं आलंय. उद्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढताना ग्लोव्हजच्या आत काय आहे ते कुणाला दिसणार नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

मागच्या आठवड्यात जन्नतबींच्या घरी शुगरचं सँपल घ्यायला गेले होते. ओटीवर दोराचं भलंमोठं वेटोळं पडलेलं. होडीचा दोर नव्हता, निळा आणि गुळगुळीत होता. विचारलं तर म्हातारी म्हणाली, "आमच्या मुझफ्फराचो तो. दुबईत अकरा वर्सां दोराक लटकान बिल्डिंगांच्यो काचो पुसल्यान. आता हंय येवन आयतवारी दगडार चढता. डोक्यार परिणाम झालो हा." मी तिथल्या तिथे विचारलं, मला शिकवेल का? सुई अजून तिच्या हातातच होती.

तर आज सड्यावर, गावामागच्या उघड्या पठारावर, बंद पडलेल्या चिरेखाणीत गेले. पस्तीस फूट उंच भिंत, तीवर चिरे कापायच्या मशीनच्या आडव्या रेषा. मुझफ्फरने वर काजूच्या दोन बुंध्यांना कडी बांधून तिच्यातून दोर खाली सोडला. एक टोक माझ्या कमरेच्या पट्ट्याला, दुसरं त्याच्या हातात. "मॅडम, पडलास तरी मी धरतलंय," म्हणाला. सात फूट चढले. तिथे गुडघा असा लटपटायला लागला की त्याला वाटलं मी नाचतेय. उतरले, परत चढले, परत सात फूट. असं नऊ वेळा.

घरी येताना त्याने विचारलं, "ह्या कित्याक शिकूचा आसा तुमका?" मी म्हटलं, वजन कमी करायला. खरं कारण इथे लिहिते, इथे कोण वाचतंय. आमच्या परसाला लागून परशुरामकाकांची बाग आहे, तिच्या कडेचा माड चोपन्न फूट उंच आहे. काठी रोवून, सावल्या मोजून मी हिशेब केलाय. पप्पा तिथून पडले. चोपन्न फुटांवरून खाली कसं दिसतं, ते मला माझ्या हातापायांनी चढून बघायचं आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज बारा फूट. हात लाकडासारखे झालेत, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतोय.

जांभ्याची एक गंमत मुझफ्फरने सांगितली, तशी ती मला लहानपणापासून माहीत होती, फक्त अशी अंगावर आली नव्हती. दगड कापताना मऊ असतो, ऊन-वारा खाऊन कडक होतो. म्हणून काळा पडलेला भाग धरायचा, लाल दिसला की विश्वास ठेवायचा नाही. मी लाल धरला. मूठभर माती हातात आली आणि मी दोराला लटकले. दोन फूटच पडले असेन, पण पोटात जे झालं ते मी घरी येईपर्यंत आठवत होते. पप्पांच्याही पोटात तसंच झालं असेल का? चोपन्न फुटांना किती वेळ लागतो? मी गणित केलं. दोन सेकंदांहून कमी. त्यात माणूस काय काय आठवू शकेल, ते गणितात येत नाही.

पप्पा पाडेली होते, माडांवर चढून नारळ पाडणारे. लिनो पाडेली म्हटलं की देवबागेपर्यंत लोक ओळखायचे. पायात काथ्याची दोरी, कमरेच्या आकडीला कोयता, आणि बोलता बोलता माणूस माडाच्या डोक्यावर. तीस-पस्तीस वर्षांत एकदाही खरचटलं नव्हतं. असा माणूस पडतो कसा, हे मला दोन वर्षं कुणी समजावून सांगू शकलेलं नाही.

८ डिसेंबर, रविवार

अठरा फूट, आणि तिथे अडकून पडले. निम्मी भिंत.

मायला कळलं. खरं तर माझ्या कोपरांनीच तिला सांगितलं. मला वाटलं आता घर डोक्यावर घेईल. तर तिने फक्त विचारलं, "तो दोर कोण धरता?" मी म्हटलं, जन्नतबींचा मुझफ्फर. "बरां," म्हणाली आणि बांगडे साफ करत राहिली.

मायचं मला काही कळत नाही. पप्पा गेले तेव्हाही रडली नाही. माती झाली, चर्चमध्ये महिन्याची मिस्सा झाली, आलेल्यांना हिने चहा दिला, बश्या विसळल्या. मागच्या परसात मात्र जायची बंद झाली. कपडे आता पुढच्या अंगणात वाळतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला आमचे परकर दाखवत. चालते तीही मान खाली घालून, जसं काही हरवलेलं शोधतेय. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. कधीकधी मला राग येतो, आणि तो इथे लिहायला मला लाज वाटत नाही.

२६ डिसेंबर, गुरुवार

नाताळ झाला. नेवऱ्या खाऊन खाऊन खाणीत आज दगडासारखी जड झाले होते. सव्वीस फूट तरीही!

घरी दाराच्या चौकटीला बोटांनी लटकायचा सराव करते. माय म्हणाली, "चौकट खाली येतली, मगे पाव्हणे खंयसून येतले?" गंमत म्हणून म्हणाली असेल, पण दोन वर्षांत पहिल्यांदा.

लटकलेली असताना मागच्या बागेत नारळ पडला. धप्प. मी हात सोडून खाली उभी राहिले आणि पुढच्या नारळाची वाट बघत राहिले. हे मला अजून होतं. लॅबमध्ये असले तरी होतं. कुठे काही जड पडलं की मी मोजायला लागते, आणि काय मोजतेय ते माझं मलाच कळत नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

वर! भिंतीच्या डोक्यावर! पस्तीस फूट!

काजूच्या मुळाला मिठी मारून पाच मिनिटं पडून होते. सड्यावरचं वाळलेलं गवत, लांब समुद्राची पट्टी, आणि मुझफ्फर खालून शिट्ट्या मारतोय. इतका आनंद मला कधी झाला होता ते आठवेना. मग खाली बघितलं आणि आनंद गेला. पस्तीस फुटांवरून माणूस छोटा दिसतो, पण चेहरा ओळखता येतो. चोपन्नवरून ओळखता येत असेल का?

मुझफ्फर म्हणाला, "आता वायच दम खावा मॅडम, महिनाभर हीच भिंत करूया." मी म्हटलं, यापेक्षा उंच कुठे आहे?

१२ जानेवारी, रविवार

आज खाणीत गेले नाही. परशुरामकाकांकडे गेले. दोन वर्षांत मी त्यांना नीट काही विचारलंच नव्हतं. ते बिचारे मला बघितलं की बाजूने निघून जायचे.

त्यांनी खुर्ची दिली, सरबत दिलं, आणि म्हणाले, "गो ग्लेनिशा, मी लिनोक बोलवकच नाय होतंय. बारा दिवस आधीच दुसऱ्या पाडेल्याकडून बाग पाडून घेतली होती. माडार तेव्हा शहाळ्यापुरतोय नारळ नव्हतो." म्हणजे पप्पा न बोलावता चढले. आणि कोयता? तो त्या दिवशी आमच्याच घरी खुंटीला होता. तो मीच मागाहून कापडात गुंडाळून ठेवलाय.

आता मला स्पष्ट झालं. ते नारळ पाडायला नाही, हात बघायला चढले होते. अजून जमतंय का, ते अजमावायला. जमलं नाही. एवढंच. कोयता कशाला लागतो मग? बरोबरच आहे.

काकांना हे सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "होय गो बाय, तसांच असतला." आणि ग्लास उचलून आत गेले.

१९ जानेवारी, रविवार

आंबोली. मुझफ्फरच्या मोटरसायकलवरून, थंडीत कानशिलं बधिर. रस्त्यापासून आत एक काळ्या दगडाचा कडा आहे, सत्तर फूट तरी असेल. हा दगड जांभ्यासारखा हातात येत नाही, पण धरायलाही काही देत नाही.

चाळीस फुटांपर्यंत गेले. तिथे एक फुगवटा आहे, त्याच्यावरून पाय टाकायला जाते तो हात निसटला. चांगली पाच-सहा फूट पडले, खांदा आपटला. मुझफ्फरने धरलं. खाली आल्यावर तोच जास्त घाबरलेला. मला म्हणाला, "भिऊ नको, दोर आसा." गंमत अशी की मी भ्यायले नव्हते. मला वाईट वाटत होतं. दोरावर पडणं म्हणजे पडणं नव्हेच. त्यातून काहीच कळत नाही.

हे त्याला सांगितलं नाही. परतताना ठेल्यावर त्याने मक्याची कणसं घेतली आणि त्याच्या बायकोच्या, अलीजाच्या गोष्टी सांगत राहिला. दुबईत एकदा त्याचा सोबती पट्टा न लावता बाहेर गेला होता. पुढे काय झालं ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

खांद्यामुळे दोन आठवडे घरी. चढायला मिळालं नाही की मी माणसात राहत नाही. लॅबमध्ये एका पेशंटवर खेकसले.

जे कधीच लिहिलं नव्हतं ते आज लिहिते. पप्पांचा उजवा हात थरथरायला लागला होता. सगळ्यात आधी मला दिसलं, कपातला चहा बशीत सांडायचा. मीच त्यांना कुडाळला डॉक्टरकडे नेलं. कंपवात. डॉक्टर म्हणाले, चढायचं बंद. पप्पा हसले आणि दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन निघाले. तेव्हा मी पप्पांची नंबरांची डायरी काढली आणि एकेका बागवाल्याला फोन केला. लिनोला बोलावू नका. बोलावलंत आणि काही झालं तर जबाबदार तुम्ही. सतरा जणांना फोन केला. मला फार हुशार वाटलं होतं स्वतःचं.

त्यानंतर कुणी बोलावलं नाही. पाच महिने पप्पा ओटीवर बसून कोयत्याला धार लावत होते. कशाची धार, कापायला काय होतं? मी कामावर जाताना म्हणायचे, "पप्पा, आराम करा." ते म्हणायचे, "आरामच आसा गो बाय." ह्यात रागाचा एक शब्द नव्हता. असता तर बरं झालं असतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज कामावर जायच्या आधी एकटीच खाणीत गेले. दोर मुझफ्फरकडे असतो. बिनदोराची चढले.

पंधरा फुटांपर्यंत छातीत धडधड होती, मग थांबली. बोटं आपोआप जागेवर जात होती. मला पप्पांच्या पायातली दोरी सालीवर घासल्याचा आवाज येत होता, अगदी माझ्या खालीच, जसे ते मागून चढतायत. वळून बघायची गरज वाटली नाही. वर पोचायच्या थोडं आधी थांबले. एक हात सोडला. मग वाटलं, दुसराही सोडला तर. भीती वाटली नाही. इतकं शांत मला दोन वर्षांत वाटलं नव्हतं. मग एक खंड्या ओरडला आणि मी वर निघाले.

मला वाटतं मी आता खरी चढायला लागले. भीती गेली म्हणजे शिकणं झालं. लॅबमध्ये आज सगळ्यांशी गोड बोलले.

१६ फेब्रुवारी, रविवार

मुझफ्फरला सांगितलं. वाटलं खूश होईल. त्याने माझ्या कमरेचा पट्टा सोडवायला सुरुवात केली. मी म्हटलं, काय झालं? "मी तुमका शिकवचंय नाय." का? "तुमका चढूचा नाय आसा."

मी वाटेल ते बोलले. बायकांना शिकवायची हिंमत नाही, तुमच्या लोकांना अमुक, तमुक. लिहायची लाज वाटते इतकं. तो ऐकून घेत दोर गुंडाळत राहिला. जाताना म्हणाला, "माझो तो सोबती पण असोच खूश होतो. सकाळी चाय पिताना."

काय बोलायचं असतं लोकांना!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मुझफ्फर संध्याकाळी घरी आला. ओटीवर बसला, मायने दिलेला चहा प्यायला आणि माझ्यादेखत सगळं सांगितलं. बिनदोराचं, हात सोडल्याचं, खूश होते त्याचं. मी आत उभी राहून संतापाने नुसती जळत होते. तो गेला. मायने कप विसळला. मग मागचं दार उघडलं आणि पायरीवर बसली. ते दार दोन वर्षं बंद होतं, कडी काढताना तिला दोन्ही हात लावावे लागले.

जे बोलली ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

"त्या दिवशी मी हंयच कपडे वाळत घालीत होतंय. तुजो पप्पा कधी चढलो, माका म्हायत नाय. हाक आयकलंय. 'बाजूक व्हा!' चौतीस वर्सां आयकलेली हाक. पाडेल्याची हाक इली की काय करूचा, तुका शिकवक नको. बाजूक होवचा, वळचणीखाली जावचा, वर बघूचा नाय, डोळ्यात कचरो जाता. मी तसांच केलंय. वळचणीखाली उभ्या रवान कपडे पिळीत होतंय. नारळ पडाची वाट बघीत."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले.

"नारळ नव्हते गो माडार. माका ठाऊक होता नव्हते. तरी मी बाजूक झालंय."

परशुरामकाकांनी मला सांगितलं होतं, पाडायला काही नव्हतं. कोयता खुंटीला होता. मग हाक कशाला? हात अजमावायला चढलेला माणूस खालच्यांना बाजूला करत नाही. हे मी महिनाभर हातात धरून बसले होते आणि मला दिसत नव्हतं. परशुरामकाकांना दिसत होतं. मुझफ्फरला माझं दिसलं.

मी विचारलं, "माय, पप्पांनी मुद्दाम...?"

"माका ठाऊक नाय. हात सुटले काय, सोडल्यान काय, मी बघूकच नाय ना. फादराक सांगलंय हात सुटले. देवाक काय सांगूचा ता बघूया." मग बराच वेळ बाहेर बघत राहिली, पण खालीच, माडाच्या बुंध्याकडे. "वर बघलं असतंय तर माझा त्वांड बघून उतरलो असतो काय, ह्याच माझ्या डोक्यात. जेवतंय तरी ह्याच, मिस्सेक बसतंय तरी ह्याच."

मी तिला फोनचं सांगितलं. सतरा बागवाल्यांचं. ती म्हणाली, "माका ठाऊक आसा. मीच तुका नंबर काढून दिलंय तेतले निम्मे." मला ते आठवतही नव्हतं. आठवलं तेव्हा मी रडायला लागले आणि ती पण रडली, पहिल्यांदा, पदर तोंडात कोंबून.

मग डोळे पुसून म्हणाली, "आता तू माका बाजूक करतंस. ह्या खेपेक मी जावचंय नाय."

९ मार्च, रविवार

पप्पांची दुसऱ्या वर्षाची मिस्सा. परशुरामकाका देवळातून येऊन चर्चच्या मागच्या बाकावर बसले होते. मुझफ्फर बाहेर गेटपाशी उभा होता. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "काय बोललं होतंस? माका काय आठवत नाय." खोटारडा.

तीन आठवडे चढले नाही. रात्री झोप लागते, पण खाणीची आठवण येते, खोटं कशाला बोला. भिंतीचीच आठवण येते, शांततेची नाही. म्हणजे येते, पण आली की मी उठून मायच्या खोलीत जाते. तसं मी तिला वचन दिलंय. मुझफ्फरच्या ओळखीच्या एका डॉक्टरबाईंकडेही दोनदा जाऊन आले, ओरोसला. त्या ऐकतात बऱ्या.

१६ मार्च, रविवार

आज खाणीत गेलो. तिघं.

मायने स्वतःच मुझफ्फरला फोन करून विचारलं होतं, दोर धरायला शिकायला किती दिवस लागतात. साडीवरून कमरेचा पट्टा चढवला तेव्हा मला हसू आवरेना. तीही हसली. वजन चव्वेचाळीस किलो, म्हणून मुझफ्फरने तिला मागून एका मोठ्या चिऱ्यांच्या थराला थोडी ढील ठेवून बांधलं आणि दोराचं शेपूट आपल्याही हातात ठेवलं. गाठ तपासायला, दोर घ्यायला, अडवायला शिकवलं. मग म्हणाला, "काकी, आणि एक. चढणारो वर आसा तवसर मान खाली घालूची नाय. कचरो पडांदे, माती पडांदे. नजर तेच्यारच." मायने मान डोलावली आणि डोळ्यांवर माझा लॅबमधला चष्मा लावला.

मी चढले. वीस फुटांवर थांबले. खाली बघितलं. मायचा चेहरा सरळ वर होता, तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. दोन वर्षांत मी तिचा गळा बघितला नव्हता.

मुझफ्फरशी ठरलं होतं की आज एकदा मुद्दाम पडायचं, तिला सवय व्हावी म्हणून. पण ते ठरवणं वेगळं. भिंतीला चिकटून मी कितीतरी वेळ उभी राहिले. यावेळी मला भीती वाटत होती. खूप. पाय लटपटत होते, पहिल्या दिवसासारखे.

"माय, मी हात सोडतंय!"

"सोड!"

सोडले. दोराने कचकन ओढलं, आणि खाली माय जमिनीवरून हातभर उचलली गेली. चप्पल एक पायात, एक खाली. पण दोर दोन्ही मुठींत. भिंतीवरची लाल माती तिच्या चष्म्यावर, केसांवर, तोंडात गेली. तिने मान खाली घातली नाही.

"बरा धरलंस!" मुझफ्फर ओरडला. "काकी, आता हळूहळू सोडा, येवंदे तिका खाली."

मायने ऐकलंच नाही. मुठी तशाच आवळलेल्या. त्याने परत सांगितलं. मी वरून म्हटलं, "माय, खाली घे गो. हात दुखतले तुजे."

"रव," ती म्हणाली. "वायच रव. बघूंदे माका."

मी तशीच लटकत राहिले.